थोरल्या दिरांपुढची खुर्ची

माझ्या आईने वयाच्या सत्त्याहत्तर वर्षांपर्यंत वेरूळची लेणी पाहिली नव्हती. बाहेरगावच्या माणसाला हे सांगितलं की तो विचारतो, तुमचं माहेर कुठलं म्हणालात? मी म्हणते, संभाजीनगर. मग तो माझ्याकडे जरा संशयानेच बघतो. बघणारच. सिडकोतल्या आमच्या घरापासून लेण्यांच्या दारापर्यंत गाडीने तासाभराचा रस्ता. लोक सातासमुद्रापलीकडून येऊन लेणी बघून जातात, आणि आमची आई तासाभराच्या रस्त्यावर राहून गेली.

कारण साधं होतं. आमच्याकडे पाहुण्यांना वेरूळ दाखवायचं काम वडिलांचं आणि डबा करून द्यायचं काम आईचं. वडील पाटबंधारे खात्यात कारकून होते, पण जीव सगळा लेण्यांत. पाहुण्याने चपला काढायच्या आत 'उद्या वेरूळ' ठरलेलं असायचं. आई पहाटे उठून धपाट्यांची चळत रचायची, सोबत शेंगदाण्याची चटणी, दही, कांदे. सगळं फडक्यात बांधून द्यायची आणि दारात उभी राहून म्हणायची, "तुम्ही बघून या." संध्याकाळी रिकामे डबे घासायची. मी स्वतः लहानपणी किमान पंधरा वेळा गेले असेन. कैलास लेण्याच्या आवारात बसून तिचे धपाटे खाताना ती इथं का नाही, हा प्रश्न मला एकदाही पडला नाही. आता त्याची लाज वाटते, पण तेव्हा पडला नाही हे खरं.

वडील गेले त्याला सहा वर्षं झाली. त्यांच्यामागे आईचे गुडघे गेले. घरातल्या घरात ती भिंतीला, कपाटाला, ओट्याला हात लावत फिरते आणि त्याला चालणं म्हणते. मागच्या दिवाळीत मी माहेरी आले असताना टीव्हीवर कसल्याशा बातमीत कैलास लेणं दिसलं. आई भाजी निवडत होती. ती हात थांबवून बघत राहिली आणि म्हणाली, "हे आतून आसं आसतं व्हय?"

झालं, मी त्याच क्षणी ठरवलं. मी नाशिकला एका शाळेत पर्यवेक्षिका आहे. दीड हजार पोरं आणि चाळीस शिक्षक माझ्या आवाजावर वर्गात जातात. माझ्या अनुभवाने सांगते, ठरवलं की होतं. नाताळच्या सुट्टीत मी एक घडीची व्हीलचेअर विकत घेतली, गाडीच्या डिकीत टाकली, तिच्यावर जुनी गोधडी पांघरली आणि वेरूळच्या अलीकडे शेतात बांधलेल्या एका निवासात तीन दिवसांची खोली धरली.

आईला आधी निवासाचंच पटेना. "आपलं घर सोडून, तासाभरावर जाऊन, दुसऱ्याच्या गादीवर निजायचं?" ती म्हणाली. मी सांगितलं, याला सुट्टी म्हणतात. "मग मला नगं सुट्टी," ती म्हणाली, पण पिशवी भरायला लागली. पिशवीत अर्थातच धपाटे होते.

निवासावर पोचल्यावर मी गोधडी बाजूला करून खुर्ची काढली, खटाखट उघडली आणि आईसमोर उभी केली. ती खुर्चीकडे बघत राहिली, मग माझ्याकडे.

"ही कुणाला?"

"तुला."

"मी काय लुळी झाले व्हय?"

मी शाळेत पालकांना समजावते त्या सुरात सुरू केलं. लुळी नाही, पण डॉक्टरांनी पन्नास पावलांच्या वर चालायला मनाई केलीय. लेण्यांत पन्नास पावलं नुसती दाराशीच संपतात. विमानतळावर धडधाकट माणसं खुशाल खुर्चीत बसून जातात. आईने सगळं ऐकून घेतलं. "झालं तुझं?" म्हणाली, "तर मग तुझी शाळा आता सोड."

पण माणसाला एका दारातून आत येता येत नसेल तर दुसरं उघडून ठेवावं. मी खुर्चीवर आमच्या दोन पिशव्या आणि पाण्याची कळशीएवढी बाटली ठेवली आणि म्हटलं, "निदान सामान तरी ढकल, माझी पाठ धरलीय." माझ्या पाठीला काहीही झालेलं नव्हतं. आईला बसायला हरकत होती, ढकलायला नव्हती. खुर्चीचे दांडे धरून ती चालायला लागली आणि मी बघतच राहिले. आधार मिळाल्यावर तिची कंबर सरळ झाली होती. खोलीपर्यंत गेली, परत आली, पुन्हा निवासाच्या कडेकडेने ज्वारीच्या वावरापर्यंत गेली. तिथं हुरडा भाजायला आगटी पेटवलेली होती. तिथं पोचेपर्यंत ती दमली. आजूबाजूला बसायला जमिनीखेरीज काही नव्हतं, आणि जमिनीवर बसली की तिला उठता येत नाही. तिने पिशव्या खाली ठेवल्या, इकडं तिकडं बघितलं आणि खुर्चीत बसली.

मी एक शब्द बोलले नाही. तीस वर्षांच्या नोकरीत मला यापेक्षा अवघड काही करावं लागलेलं नाही. हुरडा आला, चटणी आली, आई खात बसली. अर्ध्या तासाने म्हणाली, "बसायला बरीय." सूर्य डोंगराआड जाईपर्यंत ती तिथंच होती, आणि परत येताना मी तिला ढकलत आणलं तर तिने वाटेतल्या दगडांवरून मला दोनदा बोलून घेतलं. म्हणजे खुर्ची तिने स्वीकारली होती. ज्या गोष्टीवर ती टीका करते ती तिची झालेली असते.

इथंच मी थांबायला हवं होतं. पण मला वाटलं, रात्रीतून हिचं मन फिरलं तर? पक्कं काम करावं म्हणून मी अंगणात जाऊन मोठ्या काकांना फोन केला.

मोठे काका म्हणजे वडिलांचे थोरले भाऊ. वय चौऱ्याऐंशी. कन्नडकडे आमच्या गावी राहतात, अजून रोज शेताला चक्कर मारतात आणि बोलतात कमी. आमच्या घरात त्यांचा शब्द आजवर कुणी खाली पडू दिलेला नाही, आईने तर नाहीच. आमची घराची जागा, माझं लग्न, वडिलांचं ऑपरेशन, प्रत्येक वेळी आई एवढंच विचारायची, "थोरले काय म्हणत्यात?" तेव्हा माझा हिशेब असा की थोरले म्हणाले बस, की ती बसणारच. मी फोनवर म्हटलं, "काका, उद्या सकाळी वेरूळजवळच्या आमच्या निवासावर या. आईला लेणी दाखवायचीत. तुम्ही असलात की ती हट्ट करणार नाही." काका म्हणाले, "येतो." आईला मी सांगितलं नाही. म्हटलं सकाळी बघून खूश होईल.

सकाळी आई खोलीसमोरच्या व्हरांड्यात होती. खुर्चीत, स्वतःहून. कोवळं ऊन पायांवर घेऊन बशीतून चहा पीत होती. मला म्हणाली, "हिला मागं एक उशी बांध, मंग ठीक व्हईल." मी मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटली. तेवढ्यात फाटकातून मोठे काका आत आले. एसटीने फाट्यावर उतरून चालत आलेले. पांढरं धोतर, टोपी, हातात काठी.

आईने त्यांना पाहिलं आणि ती उठली. उठली म्हणजे कशी, तर उडालीच. बशी खाली पडली, चहा पातळावर सांडला, एका हाताने तिने डोक्यावर पदर ओढला आणि दुसऱ्या हाताने खांब धरला. गुडघे थरथरत होते. मी धावले. "काय गं, काय झालं?" ती म्हणाली, "काय नाय. ती खुर्ची आत ठेव."

"का?"

"आत ठेव म्हणते ना."

मला वाटलं, लाजली. घरच्या कर्त्या माणसासमोर आपण पंगू दिसू नये असं वाटलं असेल. म्हटलं, हे होणारच, लेण्यांपाशी गेल्यावर काका समजावतील. मला माझ्या योजनेत एवढीशीही खोट दिसत नव्हती. मी खुर्ची डिकीत टाकली आणि आम्ही गाडीत बसलो. काका पुढं माझ्या शेजारी, आई मागच्या सीटवर. वाटेत आई छान होती. खिडकीतून बघत होती, हे झाड कसलं, ते शेत कुणाचं विचारत होती. मी म्हटलं, आली ताळ्यावर.

लेण्यांशी गाडी लावली, डिकीतून खुर्ची काढली, उघडली. आईने गाडीचं दार उघडलं, ती खाली उतरली आणि दार धरून तशीच उभी राहिली.

"चल," मी म्हटलं.

"मी हितंच थांबते," ती म्हणाली. "तुम्ही बघून या."

हे तिचं वाक्य ऐकून माझं डोकं फिरलं. आयुष्यभर दारात उभं राहून म्हटलेलं वाक्य ती लेण्यांच्या तोंडाशी येऊनही म्हणत होती. मी बोलायला लागले, आणि एकदा लागले की माझा आवाज आपोआप शाळेचा होतो. काल संध्याकाळी कोण बसलं होतं? सकाळी उशी कुणी मागितली? आता दोनशे पावलांवर कैलास आहे आणि तू गाडीपाशी थांबणार? लोक काय म्हणतील याची एवढी भीती? कोण ओळखतं तुला इथं? आजूबाजूचे लोक वळून बघायला लागले. एक सहलीची बस उतरत होती, तिच्यातल्या बाईंनी त्यांच्या पोरांना गप्प केलं, बहुतेक माझंच ऐकायला. आई खाली मान घालून पदराचं टोक बोटाला गुंडाळत होती. तिचं एकच उत्तर होतं, "मला नाय बसायचं." मी तिला भर रस्त्यात, साऱ्या लोकांसमोर, हट्टी म्हणाले. हट्टी आणि येडी. आज हे लिहिताना वाईट वाटतं, पण म्हणाले.

मग मी माझा हुकमाचा पत्ता काढला. "काका, तुम्हीच सांगा तिला."

काका चार हातांवर काठी टेकून उभे होते. ते माझ्याकडे बघून म्हणाले, "तिला म्हणावं, बस."

आई माझ्याकडे बघून म्हणाली, "त्यांना म्हणावं, माझं पाय चालत्यात."

"त्यांना म्हणावं, तिला म्हणावं," असं म्हणत मधे उभं राहणं मला नवं नव्हतं. आमच्या घरात हे असंच चालत आलं होतं. आई थोरल्या दिरांशी सरळ बोलायची नाही आणि तेही तिच्याशी नाहीत. दोघं एका खोलीत असली तरी आम्हा पोरांपैकी कुणाला तरी मधे धरायची. लहानपणी मी दिवसातून वीस निरोप चार फुटांवरून पोचवले असतील. सवयीने तेव्हाही पोचवला. "काका, ती म्हणते तिचे पाय चालतात."

आईच्या पायांकडे काकांनी बघितलं असावं, कारण लगेच त्यांनी नजर दुसरीकडे वळवली. मग मला खुणेने बाजूला बोलावलं. आम्ही एका झाडाखाली गेलो.

"कव्हापासून नाय म्हणती?" त्यांनी विचारलं.

"काल तर छान बसली होती. सकाळीसुद्धा. तुम्ही आल्यापासून—" मी म्हणाले आणि थांबले. माझे शब्द माझ्याच कानावर पडले.

काका माझ्याकडे बघत होते. रागावून नाही, पण जरा कीव आल्यासारखे. "येवढी शिकलेली तू," ते म्हणाले. "माझ्यासमोर तुझी आई कव्हा बाजंवर तरी बसलेली बघितली का तू?"

मी आठवायला लागले. गावच्या घरी काका ओसरीत बाजेवर बसलेले असायचे आणि बायका आत, खाली जमिनीवर. शहरातल्या घरी काका आले की ते बाहेरच्या खोलीत कोचावर आणि आई स्वयंपाकघरात, किंवा दाराच्या चौकटीला टेकून उभी. तासन्‌तास उभी. काकांची गाडी सुटायची वेळ होईपर्यंत उभी. मी त्या वेळी काय करत असायचे? काकांच्या शेजारी, त्याच कोचावर, पाय वर घेऊन बसलेली असायचे. काका मला बडीशेप द्यायचे. मी लेक होते. हे नियम सुनांचे, लेकींना ते दिसतसुद्धा नाहीत. पंचावन्न वर्षांची झाले मी, आणि माझी आई थोरल्या दिरांपुढं उंच आसनावर बसत नाही हे मला त्या झाडाखाली, दिरांनीच सांगितल्यावर कळलं. आणि तिने बसावं म्हणून मी बोलावून कुणाला आणलं, तर नेमकं त्यांनाच.

"मग गाडीत कशी बसली?" मी विचारलं.

"मी पुढं व्हतो ना. माझी पाठ व्हती तिच्याकडं."

मला माझाच राग आला. सकाळी ती खांब धरून उभी होती तेव्हा तिचे गुडघे थरथरताना मी बघितले होते आणि त्याचा अर्थ मी लाज असा लावला होता. ती मला कारण सांगूही शकत नव्हती. दीर चार हातांवर उभे असताना, तुमच्यामुळं बसत नाही असं ती कसं म्हणणार? माझ्याकडून येडी म्हणवून घेणं तिला त्यापेक्षा सोपं वाटलं.

"तुम्ही सांगा ना तिला की तुमची हरकत नाही," मी म्हटलं.

"म्हणलं की आत्ता, बस म्हणून. बसली का?" काका म्हणाले. "माझी हरकत कोण इचारतंय? ते तिचं हाये. साठ वरसं पाळलंय तिनं. मी सोड म्हणल्यानं सुटतंय व्हय?" त्यांनी काठीने मातीत एक रेघ ओढली, मग पायाने पुसली. मग म्हणाले, "तिला म्हणावं, मी पुढं जातो. कैलासात जाऊन भाईर येईस्तोवर मागं बघत नाय."

आणि माझ्या उत्तराची वाट न बघता ते निघाले. मी आईपाशी जाऊन निरोप सांगितला, शब्दाला शब्द. आईने मान वर केली. दूर जाणारी ती पाठ तिने नीट बघून घेतली. पांढरा सदरा, टोपी, काठी. वीस पावलं झाली, तीस झाली. पाठ वळली नाही. आईने पदर सारखा केला, माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि खुर्चीत बसली.

"चल," ती म्हणाली. "लांब जातील ते."

त्या दिवशी आमची वरात बघणाऱ्यांना काय वाटलं असेल कोण जाणे. पुढं एक म्हातारा, मान ताठ, नजर सरळ. त्याच्यामागे दहा पावलांचं अंतर ठेवून खुर्ची. खुर्ची खड्ड्यापाशी अडखळली की तो थांबे, पण वळत नसे. समोर बघूनच विचारी, "आल्या का?" मी मागून ओरडे, "आलो!" मग तो पुन्हा चालायला लागे. एका माणसाने माळा विकायला आणल्या आणि काकांना म्हणाला, "बाबा, वो माताजी आपके साथ हैं क्या? पीछे देखो तो." काका म्हणाले, "साथ हाये. देखता नहीं." तो माणूस माळा घेऊन निघून गेला.

कैलासाच्या दाराशी खुर्ची उचलावी लागली. तिथल्या पहारेकऱ्याने एक बाजू धरली, मी एक. आई दोन्ही हातांनी दांडे घट्ट धरून डोळे मिटून बसली होती. "उघडू का?" तिने विचारलं. मी म्हटलं, थांब. आत नेलं, मोकळ्या जागेत खुर्ची उभी केली, मग म्हटलं, "उघड."

तिने वर बघितलं. मान मागे गेली, पदर घसरला, तिने तो सावरला नाही.

काका पुढं हत्तीपाशी उभे होते, आमच्याकडे पाठ करून. ते बोलायला लागले. आवाज मोठा केला होता, पण तोंड हत्तीकडे. "हा हत्ती. ह्याची सोंड तुटली, पर पाय बघावंत. आन् हे समदं वरून खाली कोरलंय. आधी कळस, मंग पाया. आपल्यासारखं खालून वर नाय. एक दगड हाये समदा. कुठं जोड नाय." पुढच्या भिंतीपाशी गेले, तिथं थांबले. "हितं पहाड हालवतोय रावण. पार्वती भ्याली बघा. तिनं हात धरलाय नवऱ्याचा."

ही वाक्यं वडिलांची होती. याच क्रमाने, इथंच थांबून ते ती पाहुण्यांना म्हणायचे, आणि काकांनी ती पहिल्यांदा पाहुणे म्हणूनच ऐकली होती. आईने आयुष्यात ती कधी ऐकली नव्हती. तिच्या नवऱ्याला हे सगळं इतकं पाठ होतं, हेसुद्धा तिने इतरांच्याच तोंडून ऐकलं असेल. ती कान देऊन ऐकत होती. काका पुढं सरकले की खुर्चीच्या हाताला बोट आपटून मला म्हणायची, "ने." आम्ही सगळी फेरी मारली. अर्धा तास, कदाचित जास्त. काकांनी मान एवढीशीही मागे वळवली नाही. त्यांची काठी आता अधूनमधून जास्त वेळ टेकत होती.

पुन्हा मोकळ्या जागेत आलो तेव्हा आईने विचारलं, "घृष्णेश्वर हितून किती लांब?"

"देऊळ? हे काय, जवळच. एक किलोमीटर असेल-नसेल."

आईने मान फिरवून माझ्याकडे बघितलं. "घृष्णेश्वराला मी दहा-बारा येळा आले. श्रावणात, गल्लीतल्या बायांबरोबर. दर्शन घ्यायचं, उसाचा रस प्यायचा आन् माघारी. सैपाक ऱ्हायलेला आसायचा." "मला वाटायचं, लेणी लई लांब आसतील. डोंगरात कुठं. तुमी जायचा तर दिवसभर येत नव्हता."

मी खुर्ची उन्हातून जरा सावलीत घेतली.

"येवढं जवळ व्हतं," ती म्हणाली. "आन् एकानं बी कधी म्हणलं नाय, तू चल."

ती रडत नव्हती. आवाजही मोठा नव्हता. पण आवारात तेवढ्यात कुणी नव्हतं आणि दगडी भिंतींमुळे तो सगळीकडे गेला. मी समोर बघितलं. काका दहा पावलांवर उभे होते, दोन्ही हात काठीवर. त्यांची पाठ जराशी वाकल्यासारखी वाटली.

"चुकलं," काका म्हणाले. भिंतीकडे बघूनच म्हणाले. "मी आठ-धा येळा आलो. धपाटे बी खाल्ले. मी थोरला व्हतो. मी म्हणायला पायजे व्हतं."

त्यांनी 'तिला म्हणावं' असं म्हटलं नव्हतं. मला मधे घेतलं नव्हतं. माझे हात खुर्चीच्या दांड्यांवर होते आणि मी अगदी गप्प उभी होते, आयुष्यात दुसऱ्यांदा.

आईने पदर डोक्यावर घेतला, दोन्ही खांद्यांवरून नीट सारखा केला, आणि पाय खुर्चीच्या पायटीवर जुळवून ठेवले. मला वाटलं आता ती उठणार. मी तिला धरायला पुढं झाले. तिने माझा हात बाजूला केला.

"त्यांना म्हणावं," ती म्हणाली, "वळा आता."

मला सांगावं लागलं नाही. काका हळूहळू वळले. आई बसून होती.